शटर, नकाशा आणि न थांबणारी खिडकी

सकाळी दहाच्या सुमारास अप्पा बळवंत चौकातून चालत जाऊन पाहा. पुस्तकांच्या दुकानांची शटरे एकामागून एक वर जात असतात. एखादा सडपातळ मुलगा खाली वाकतो, कुलूप काढतो, कडीला हात घालून एक हिसका देतो, आणि पुढचे काम शटर जणू आपले आपणच करते. शेवटची वीतभर राहिली, तर लोखंडी आकडीने वर ढकलायचे, एवढेच. (दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवण्याची पुणेरी रीत जे अजून पाळतात, ते हा प्रयोग दिवसातून दोनदा करतात.)

आता थोडा हिशेब करू. शटरच्या पट्ट्या ०.९ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याच्या आहेत असे धरा. पोलादाची घनता दर घनमीटरला सुमारे ७८५० किलोग्रॅम. म्हणजे असा सपाट पत्रा चौरस मीटरला ७ किलोग्रॅम भरेल. पण पट्ट्या एकमेकींत अडकवण्यासाठी त्यांच्या कडा वळवाव्या लागतात, त्यामुळे पत्रा जास्त लागतो. १० किलोग्रॅम धरायला हरकत नाही. अडीच मीटर रुंद आणि तेवढेच उंच शटर सव्वासहा चौरस मीटरचे, म्हणजे ६२ किलोग्रॅमच्या आसपास. मुलाचे स्वतःचे वजनही कदाचित एवढे नसेल. मग हे ओझे उचलते कोण?

उत्तर वरच्या पत्र्याच्या खोक्यात दडलेले आहे. तिथे एक आडवा पाइप दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटमध्ये पक्का आवळलेला असतो. तो फिरत नाही. त्याच्यावर बसवलेली चाके फिरतात आणि शटर त्या चाकांवर गुंडाळले जाते. चाकांच्या आत स्प्रिंगा असतात. स्प्रिंगेचे एक टोक न फिरणाऱ्या पाइपला आणि दुसरे फिरणाऱ्या चाकाला जोडलेले असते. शटर खाली ओढले की चाके फिरतात आणि स्प्रिंगेला पीळ बसतो. वर नेताना तोच पीळ सुटतो आणि आपल्याला मदत करतो.

यातली खरी गंमत पुढेच आहे. रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलेला नियम आपण शिकवतो: स्प्रिंग जितकी जास्त ताणावी, तितके तिचे बल समप्रमाणात वाढते. पिळाचेही तसेच. शटर वर असताना त्याचे जवळजवळ सगळे वजन पाइपाभोवती गुंडाळलेले असते आणि ते ब्रॅकेट पेलतात. शटर जसजसे खाली येते, तसतसा लोंबणारा भाग वाढतो. म्हणजे पेलायचे ओझेही वाढत जाते आणि पीळही वाढत जातो. दोन सरळ रेषा जवळपास एकमेकींवर बसतात. अगदी तंतोतंत नाही, कारण गुंडाळी उलगडताना तिची त्रिज्या कमी होत जाते. पण उरलेला फरक घर्षण सांभाळून घेते. म्हणूनच चांगले बसवलेले शटर अर्ध्यावर सोडले तर तिथेच थांबते. ते आपोआप खाली घसरू लागले, तर स्प्रिंग थकली किंवा तुटली असे समजावे.

अशा वेळी स्वतः पाने घेऊन शिडीवर चढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. शटर पूर्ण खाली असते तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य सव्वा मीटर खाली आलेला असतो. ६२ × ९.८ × १.२५, म्हणजे सुमारे ७६० जूल ऊर्जा. तिचा बहुतेक भाग त्या पिळात साठलेला असतो. दहा किलोची तांदळाची गोणी पावणेआठ मीटरवरून खाली टाकावी, इतकी ही ऊर्जा आहे. पाइपाची पकड अचानक सैल झाली, तर ती पान्यावाटे हातात येते. शटर वर असतानाही काही वेढे मुद्दाम राखून ठेवलेले असतात, त्यामुळे तेव्हाही धोका शून्य नसतो. हे काम कारागिराचे.

हा सगळा विचार मला करावा लागला तो मात्र पुण्यात नव्हे, न्यू जर्सीत लेकीच्या घरी. आपल्याकडच्या खिडक्या दारासारख्या उघडतात किंवा आडव्या सरकतात. वजन बिजागरी किंवा खालची पट्टी पेलते. तिथल्या बऱ्याच खिडक्यांना दोन तावदाने असतात आणि ती वर-खाली सरकतात. लेकीच्या बैठकीतले खालचे तावदान वर उचलले की धाडकन खाली यायचे. खाली एक काठी उभी करून ठेवलेली, आणि चार वर्षांचा नातू त्याच चौकटीवर हात ठेवून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचा. "बाबा, माणूस बोलवायला फार पैसे पडतात," लेक म्हणाली. मग मीच पाहायचे ठरवले.

शटर आणि या खिडकीत एक मूलभूत फरक आहे. तावदान कुठेही असो, त्याचे सगळे वजन लोंबतच असते. ओझे बदलत नाही. त्यामुळे साधी स्प्रिंग इथे चालत नाही: एका टोकाला ती जास्त ओढेल आणि दुसऱ्या टोकाला सैल पडेल. जुन्या इंग्रजी घरांत यावर सरळ तोडगा होता. चौकटीच्या पोकळीत तावदानाच्या वजनाइतकी लोखंडी वजने दोरीने कप्पीवरून सोडलेली असत. वजन ते वजन, ते कशाला बदलते! दोरी कुजली की मात्र खिडकी कोसळे.

नव्या खिडकीत वजनांच्या जागी पातळ पोलादी पट्टीची गुंडाळी असते, आणि ती हूकच्या नियमाला छान बगल देते. वर्गातला जुना, वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेला नकाशा घ्या. एक कड टेबलावर दाबून धरा आणि दुसरीकडून गुंडाळी उलगडत जा. अर्धा उलगडला काय किंवा पाऊण, हाताला लागणारा जोर फारसा बदलत नाही. कारण विरोध करतो तो फक्त वाकड्याचा सरळ होत असलेला, गुंडाळीजवळचा भाग. पट्टीचेही तसेच. प्रत्येक सेंटिमीटर सरळ करायला सारखीच ऊर्जा लागते, आणि दर सेंटिमीटरला ऊर्जा सारखी म्हणजेच बल सारखे. अकरावीच्या मुलांना हे समीकरणाशिवाय पटते.

तावदानाच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून लोखंडी जिभा बाहेर येतात. त्या चौकटीच्या खाचेत सरकणाऱ्या प्लॅस्टिकच्या गुटक्यांत बसतात. पट्टी गुटक्याला वर ओढत असते. काच पुसण्यासाठी तावदान आत कलते केले की जिभेबरोबर गुटक्यातली चकती फिरते आणि गुटका खाचेच्या भिंतींना घट्ट आवळून जागीच थांबतो. ही सोय नसती, तर तावदान काढताच गुटका सुसाट वर गेला असता.

आमच्या खिडकीत डावीकडची पट्टी स्क्रूपाशीच तुटली होती. जावयांनी आणि मी मिळून तावदान कलते करून उचलून काढले. हे एकट्याने करू नये. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ते ९ किलोग्रॅम भरले, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेचार किलोची ओढ हवी. जुन्या गुंडाळीवरचा छापील क्रमांक पाहून तशाच दोन मागवल्या. तुटली एकच असली तरी बदलायच्या दोन्ही, नाहीतर एक बाजू जास्त ओढते आणि तावदान तिरके होऊन अडकते. पट्टीच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, म्हणून हातमोजे घातले. गुटका स्क्रूड्रायव्हरने धरून खाली आणला आणि चकतीचे उघडे तोंड वर येईपर्यंत फिरवून अडकवला. पहिल्या खेपेस दोन्ही गुटके एका उंचीवर नव्हते आणि तावदान उभे होईना. पुन्हा काढावे लागले. दुसऱ्या खेपेस बसले.

तावदान अर्ध्यावर नेऊन हात सोडला. ते तिथेच थांबले. काठी आता कुंडीतल्या टोमॅटोला आधार देते.