सर्वांत मोठे जेवण कोणते असावे?

सकाळी राजासारखे खावे, दुपारी बेताचे आणि रात्री भिकाऱ्यासारखे, असा सल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असतो. आरोग्यावरच्या व्याख्यानांत तो हमखास येतो. शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणूनही लिहिला जातो. पण पुष्कळ घरांत नेमके याच्या उलट चालते. सकाळी चहा-पोळी किंवा चहा-खारी, दुपारी डबा आणि रात्री सगळे घरी परतल्यावर पोळी, भाजी, वरण, भात असे भरपेट जेवण. मग ही सगळी घरे चुकतात का? की सल्लाच एकदा तपासून पाहायला हवा?

प्रश्न साधा दिसतो, पण 'कोणते जेवण मोठे असावे' याआधी 'कशासाठी' हे ठरवावे लागते. रक्तातील साखर ताब्यात राहावी म्हणून? वजन वाढू नये म्हणून? की कामाला आणि अभ्यासाला शक्ती मिळावी म्हणून? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिन्हींचे उत्तर एकच निघेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून ते एकेक करून पाहू.

वेळ ठरवते ती कामाची गरज

जेवणाच्या वेळा शरीरापेक्षा कामाने अधिक ठरवल्या आहेत. पहाटे शेतावर जाणाऱ्या माणसाला थोड्या वेळाने भूक लागते. तेव्हा बांधावर बसून भाकरी, चटणी, कांदा अशी न्याहारी होते. शहरातल्या गिरणीत किंवा कचेरीत काम करणाऱ्याला हे शक्य नव्हते. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डबेवाल्यांची व्यवस्था उभी राहिली ती याच अडचणीतून. पण डबा झाला तरी त्यात मावेल तेवढेच अन्न, आणि तेही ठरलेल्या सुट्टीत संपवायचे. घरातली सगळी माणसे निवांत एकत्र बसतात ती रात्रीच. त्यामुळे रात्रीचे जेवण मोठे होत गेले. यात आरोग्याचा विचार फारसा नव्हता, सोय होती. शरीराला ही सोय मानवते का, हे आता पाहू.

शरीरातले घड्याळ

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, सुमारे २०,००० पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. हे आपले मुख्य घड्याळ. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते रोज लावले जाते. पण घड्याळ एवढे एकच नाही. यकृत, स्वादुपिंड, स्नायू, आतडी यांच्या पेशींतही स्वतःची घड्याळे असतात. काही जनुके प्रथिने बनवतात, ती प्रथिने साठली की त्याच जनुकांचे काम थांबवतात, पुढे ती नष्ट झाली की जनुके पुन्हा कामाला लागतात. या एका फेरीला साधारण २४ तास लागतात. फळमाशीवर प्रयोग करून ही यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यकृताचे घड्याळ उजेडाइतकेच किंवा त्याहूनही अधिक जेवणाच्या वेळेवर लावले जाते. म्हणजे मध्यरात्री जेवणाऱ्या माणसाच्या मेंदूतले घड्याळ 'रात्र' सांगते आणि यकृतातले 'दिवस'. हा विसंवाद शरीराला महागात पडतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा रक्तातील साखरेत दिसतो. एकाच माणसाला एकच पदार्थ, तितकाच मोजून, सकाळी आणि रात्री दिला तर रात्री त्याची साखर अधिक चढते आणि उतरायला अधिक वेळ घेते. याची कारणे दोन. संध्याकाळनंतर शरीराच्या पेशी इन्सुलिनला कमी दाद देतात. शिवाय झोपेच्या नेहमीच्या वेळेआधी दोनेक तास मेलॅटोनिन हे संप्रेरक रक्तात वाढू लागते आणि ते स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटण्याला आळा घालते. रात्रीच्या उपवासात साखर फार उतरू नये यासाठी ही सोय उपयोगी आहे. पण याच वेळी ताटभर भात पोटात गेला तर तीच सोय अडचणीची ठरते.

रात्रपाळीचे नुकसानही यातूनच समजते. अमेरिकेत १९ निरोगी तरुण-तरुणींना प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखे जागवण्यात आले. हा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना रात्री जेवण दिले त्यांच्या रक्तातील साखरेची सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. जागरण तितकेच करूनही ज्यांना फक्त दिवसा जेवू घातले, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. म्हणजे दोष नुसत्या जागरणाचा नव्हता, जेवणाच्या वेळेचाही होता.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी पक्के आहे: साखरेच्या दृष्टीने मोठे जेवण दिवसाउजेडी असावे, रात्रीचे लहान आणि लवकर.

वजनाचे काय?

इथे मात्र सावध राहावे लागते. न्याहारी करणारी माणसे सडपातळ असतात, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. पण यावरून न्याहारीने माणूस सडपातळ होतो असे म्हणता येईल का? जो वेळेवर उठतो, सकाळी फिरायला जातो, तंबाखू ओढत नाही, तोच बहुधा न्याहारीही करतो. मग श्रेय नेमके कोणाला द्यायचे? दोन गोष्टी जोडीने आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असते असे नाही. वर्गात कार्यकारणभाव शिकवताना देण्याजोगे हे उदाहरण आहे.

म्हणून प्रयोग करावे लागतात. इस्राएलमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या ९३ स्त्रियांना दिवसाला १४०० किलोकॅलरींचा आहार सांगितला. एका गटाला न्याहारीत ७००, दुपारी ५०० आणि रात्री २००. दुसऱ्या गटाला याच्या बरोबर उलट. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाचे वजन सरासरी ८.७ किलोने आणि दुसऱ्याचे ३.६ किलोने उतरले. त्याच वर्षी स्पेनमधल्या ४२० माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे दुपारचे जेवण दिवसातले सर्वांत मोठे असते. वजन कमी करण्याच्या उपचारांत तीन वाजल्यानंतर जेवणाऱ्यांचे वजन त्याआधी जेवणाऱ्यांपेक्षा कमी उतरले. एवढ्यावरून असे वाटेल की सकाळी खाल्लेले अन्न शरीर अधिक जाळते.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांनी नेमके हेच तपासले. त्यांचा प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. ३० माणसांना चार आठवडे मोठी न्याहारी दिली (दिवसाच्या ४५ टक्के उष्मांक न्याहारीत, ३५ दुपारी, २० रात्री) आणि चार आठवडे याच्या उलट. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच होत असल्यामुळे माणसामाणसांतले फरक आड येत नाहीत. सगळे अन्न संशोधकांनीच मोजून पुरवले. शरीर किती ऊर्जा खर्च करते हे मोजण्यासाठी जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी पाजले. यातला हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटे बाहेर पडतो, ऑक्सिजन मात्र पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अशा दोन्ही वाटांनी. दोघांच्या वेगातल्या फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला आणि त्यावरून किती इंधन जळले हे काढता येते.

निष्कर्ष काय निघाला? दोन्ही वेळा वजन जवळजवळ सारखेच, सुमारे ३.३ किलो, उतरले. ऊर्जेच्या खर्चातही फरक नव्हता. फरक पडला तो भुकेत: मोठी न्याहारी केली की दिवसभर भूक कमी लागे.

आता दोन प्रयोगांतला विरोध उलगडतो. अन्न मोजून हातात दिले तर वेळेने वजनात फरक पडत नाही. पण घरी राहून पथ्य पाळायचे असेल तेव्हा ज्याला भूक कमी लागते त्याला पथ्य पाळणे सोपे जाते. सकाळची कॅलरी आणि रात्रीची कॅलरी वजनाला सारखीच. वेळ आपले काम करते ते भुकेच्या वाटेने.

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्याला सकाळी भूकच नाही त्याने वजन उतरवण्यासाठी बळेच न्याहारी करावी का? २०१९ साली १३ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात न्याहारी करणारे दिवसभरात सरासरी २६० किलोकॅलरी अधिकच खातात असे दिसले. न्याहारी टाळली की पुढच्या जेवणात तिची पूर्ण भरपाई होत नाही, असा याचा अर्थ. तेव्हा रात्रीचे जेवण तसेच ठेवून वर राजाची न्याहारी जोडली तर फायदा नाहीच, उलट तोटा. मोठी न्याहारी करायची तर रात्रीच्या ताटातून तेवढे कमी केले पाहिजे.

मुलांचा प्रश्न वेगळा

वरचे सगळे प्रयोग प्रौढांवरचे, आणि बरेचसे वजन जास्त असलेल्यांवरचे आहेत. ते जसेच्या तसे शाळेतल्या मुलांना लावणे चूक ठरेल.

रात्रभर मेंदूला साखर पुरवते ते यकृत. प्रौढ माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन साठलेले असते. मुलाचे यकृत लहान, साठाही लहान. मागणी मात्र मोठी. पाच वर्षांच्या सुमारास मुलाचा मेंदू शरीराच्या विश्रांतीतल्या ऊर्जेपैकी सुमारे दोन तृतीयांश वापरतो. प्रौढाचा सुमारे एक पंचमांश. रात्री आठला जेवलेले मूल दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतल्या भोजनापर्यंत उपाशी राहिले, तर हा उपास सोळा-सतरा तासांचा होतो.

जमैकामध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ ते साडेदहा वर्षांच्या मुलांचे तीस-तीसचे तीन गट होते: एक चांगल्या पोषणाच्या मुलांचा, दुसरा उंची खुंटलेल्यांचा आणि तिसरा लहानपणी तीव्र कुपोषण झालेल्यांचा. प्रत्येक मुलाची चाचणी एकदा न्याहारी देऊन आणि एकदा न देता घेतली. चांगल्या पोषणाच्या मुलांचे न्याहारीवाचून बिघडले नाही. इतर दोन गटांची मुले मात्र काही चाचण्यांत मागे पडली. उपासाचा फटका बसतो तो ज्याच्याजवळ आधीच कमी आहे त्याला.

आता थोडे गणित करू. पहिली ते पाचवीच्या मुलाला शालेय पोषण आहारातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. सहावी ते आठवीसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १७०० किलोकॅलरींची आहे. शाळेत यातला साधारण पाव हिस्सा भागतो. उरलेल्या १२५० घरून यायला हव्यात. सकाळी काहीच खाल्ले नाही, तर त्या सगळ्या रात्रीच्या एका जेवणात बसवाव्या लागतील. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून साधारण ३३० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे निव्वळ भाकरीच्या हिशेबाने जवळजवळ ३८० ग्रॅम पीठ! डाळ, तेल, शेंगदाण्याची चटणी धरली तर आकडा खाली येईल, तरी आठ वर्षांच्या मुलाच्या पोटात हे एका बैठकीत मावणे कठीण. मूल अर्ध्यावर उठते आणि पोट भरले म्हणते. ते खरेही असते. पण गरज भागलेली नसते.

म्हणून मुलांसाठी 'मोठे जेवण कोणते' हा प्रश्नच दुय्यम आहे. त्यांना जेवणे किती वेळा मिळतात, हा खरा प्रश्न. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये दुपारच्या भोजनाच्या जोडीला प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली, तिचे महत्त्व इथे आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही शाळेत न्याहारी द्यावी असे सुचवलेले आहे.

मग ठरवायचे कसे?

बैठे काम करणाऱ्या प्रौढाने दुपारचे किंवा सकाळचे, जे जमेल ते, जेवण मोठे ठेवावे आणि रात्रीचे हलके करून झोपेच्या दोन-तीन तास आधी आटोपावे. ज्याला सकाळी भूक नसते त्याने दुपारचे मोठे ठेवले तरी चालेल. अंगमेहनत करणाऱ्याने कामाच्या आधी आणि मध्ये खावे. त्याला रात्रीच्या एका जेवणावर ठेवणे योग्य नाही. रात्रपाळीवाल्याने मोठे जेवण पाळीला जाण्याआधी घ्यावे, मध्यरात्री शक्यतो नाही. मधुमेहावर गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा किंवा प्रमाण बदलू नये. औषधाची मात्रा जेवणाशी बांधलेली असते.

वर्गात करून पाहण्याजोगे

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना आठवडाभर दोनच वेळा टिपायला सांगाव्यात: रात्रीचा शेवटचा घास किती वाजता आणि सकाळचा पहिला घास किती वाजता. दोन्हींमधले तास काढून सगळ्या वर्गाचा स्तंभालेख काढावा. सरासरी, मध्यक आणि टोकाच्या नोंदी यांवर गणिताच्या तासाला चर्चा करता येईल. नोंदी चिठ्ठ्यांवर, नाव न घालता घ्याव्यात. 'आज कोण उपाशी आले?' असे वर्गात हात वर करायला लावून कधीही विचारू नये. ज्याच्या घरी सकाळी चूल पेटत नाही तो हात वर करत नाही, आणि केला तर त्याला तो फार दिवस विसरता येत नाही. आलेखाच्या उजव्या टोकाला चौदा-पंधरा तासांपुढे बरेच स्तंभ उभे राहिले, तर तो कागद घेऊन मुख्याध्यापकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलावे. परिपाठाआधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा देण्यापासून सुरुवात करता येते. कोणत्या वर्गाला किती लागतील, हे तोच आलेख सांगेल.