जुन्या घरगुती संगणकाचे मोल कशात?

जुनी बिदरी सुरई भंगारात गेली, तर तिला जस्ताचा भाव मिळतो. जाणकाराच्या हाती पडली, तर तो तिच्यावरील चांदीचे जडावकाम आणि बिदर किल्ल्यातील मातीने चढवलेला काळा रंग पाहतो. एकाच वस्तूची ही दोन मोले बिदर, कलबुर्गी भागाला नवी नाहीत. जुन्या घरगुती संगणकांनाही आज हाच न्याय लागू होतो. भालकी, औराद वा आळंदमधील एखाद्या घराच्या माळ्यावर असा संच पडून असेल, तर तो वजनावर विकण्यापूर्वी त्याची पारख करणे आवश्यक आहे.

कोणते संगणक?

साधारणतः १९७७ ते १९९० या काळातील, कळफलकातच सारी यंत्रणा सामावलेले आणि दूरचित्रवाणी संचाला जोडता येणारे हे संगणक होत. त्यांचे प्रोग्राम बहुधा ध्वनिफितींच्या कॅसेटवर साठवले जात. भारतात १९८४ मध्ये शालेय संगणक साक्षरतेसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला आणि आरंभी सुमारे २५० शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ पोहोचले. ‘सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड’ या सरकारी कंपनीने त्याचीच भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ नावाने काढली. ‘डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स’ने ब्रिटनच्या स्पेक्ट्रम संगणकाची आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतीय बाजारात आणली.

वय म्हणजेच किंमत काय?

तसे नाही. १९७६ मध्ये ६६६.६६ डॉलरला विकला गेलेला ‘ॲपल-१’ जेमतेम दोनशेच्या आसपास तयार झाला. त्यांपैकी एकाला २०१४ च्या लिलावात ९,०५,००० डॉलर मिळाले. याउलट १९८२ चा ‘कमोडोर ६४’ जगभर एक कोटीहून अधिक खपला. त्यामुळे तो लोकप्रिय असूनही सहज मिळतो. प्रश्न किती बनले एवढाच नसतो, किती उरले हाही असतो. शाळांमधील यंत्रे मुलांच्या हाताळणीने झिजतात आणि पुढे निर्लेखित होऊन भंगारात निघतात. म्हणून भारतीय नाममुद्रा असलेल्या संचाकडे संग्राहक विशेष लक्ष देतात.

संग्राहक काय पाहतो?

पहिली कसोटी पूर्णत्वाची. मूळ खोके, माहितीपुस्तिका, वीजपुरवठ्याचा संच, कॅसेट हे सारे सोबत असल्यास मोल वाढते. दुसरी कसोटी अस्सलपणाची. सूर्यप्रकाशाने पिवळे पडलेले प्लॅस्टिक रंगवून काढणे म्हणजे बिदरीचा काळा रंग खरडून तिला चकचकीत करण्यासारखे आहे. तिसरी कसोटी इतिवृत्ताची. शाळेचा शिक्का, नोंदवहीतील क्रमांक किंवा खरेदीची पावती यांमुळे यंत्र कोठून आले हे सिद्ध होते. खोक्यावरील फाटका कागदही म्हणूनच टाकू नये.

घरी सापडल्यास काय करावे?

तो चालतो का हे पाहण्यासाठी लगेच विजेला जोडू नये. जुन्या बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातील काही संधारित्रांना कालांतराने तडे जातात आणि वीज मिळताच त्यांतून धूर निघतो. काही संगणकांत बॅटरी असते. तिच्यातून झिरपणारे रसायन मुख्य पट्टीवरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. अशा वेळी पत्र्याखालच्या माळ्यावर कॅसेटच्या फिती खराब होतात. त्या सावलीत, कोरड्या जागी आणि ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर ठेवाव्यात. संचाच्या पाठीमागील नामपट्टी व अनुक्रमांक यांची छायाचित्रे घ्यावीत आणि दुरुस्ती जाणत्याकडेच सोपवावी.

प्रत्येक जुना संच लाखमोलाचा निघेल असे नाही. बहुतेकांना माफकच किंमत येईल. परंतु एका पिढीने संगणकाचा पहिला धडा ज्यावर गिरवला, त्या यंत्राची ओळख नामपट्टी, पावती आणि कॅसेट यांतच जपलेली असते. संच एकदा मोडीत निघाला की ही ओळख पुन्हा मिळत नाही.