लॉजिस्टिक्सचा पहिला कोर्स : फी भरण्याआधी एवढं वाचा

बारावी झालेली बरीच मुलं हल्ली 'लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेनचं सर्टिफिकेट' करायचं म्हणतात. नाव भारदस्त आहे. पण त्यात शिकवतात काय?

बिस्किटचा पुडा घ्या. गहू शेतातून गिरणीत, मैदा कारखान्यात, पुडे गोदामात, तिथून होलसेलवाल्याकडे आणि शेवटी आपल्या गावच्या किराणा दुकानात. ही सगळी पुरवठा साखळी, म्हणजे सप्लाय चेन. त्यातलं माल साठवणं, हलवणं आणि वेळेवर पोचवणं म्हणजे लॉजिस्टिक्स. आपल्याकडे याचं मोठं केंद्र भिवंडी. मुंबई जवळ, नाशिक महामार्ग हाताशी, न्हावा शेवा बंदरही फार लांब नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. त्याआधी करासाठी कंपन्या राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायच्या, नंतर कमी पण मोठी गोदामं ठेवणं परवडू लागलं.

सुरुवातीच्या कोर्समधून पिकर किंवा पॅकरचं काम मिळतं. पिकर म्हणजे ऑर्डर बघून रॅकवरून नेमका माल काढणारा. काम सोपं वाटतं ना? मग हे सांगा : सोमवारी औषधाचे 200 खोके आले, मुदत डिसेंबरपर्यंत. बुधवारी 150 आले, मुदत ऑक्टोबरपर्यंत. आधी कुठले पाठवाल? बरीच मुलं सोमवारचे म्हणतील, कारण 'आधी आला तो आधी बाहेर' हा नियम पाठ असतो. पण औषधं आणि खाण्याच्या वस्तूंना 'ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर' हा नियम लागतो. म्हणून बुधवारचे!

दुसरं म्हणजे हिशोब. कॉम्प्युटरवर 480 खोके आणि रॅकवर 476, तर ते 4 कुठे गेले हे शोधावंच लागतं. तिसरं कागदपत्रं. 50 हजारांपेक्षा जास्त किमतीचा करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवताना साधारणपणे ई-वे बिल लागतं. त्यात गाडीचा नंबर चुकला तर माल वाटेतच अडकू शकतो. माझ्या मते कोर्सचा खरा गाभा हाच. बारकोड स्कॅनर चालवणं दोन दिवसांत जमतं, मोजणी आणि नोंद चोख ठेवायची सवय जमत नाही.

आता पैशांचं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या मान्य केंद्रात मुलांना फी नसते. त्यामुळे कुणी हजारो रुपये मागितले तर आधी विचारा : कोर्सला एनसीव्हीईटीची मान्यता आहे का? परीक्षा बाहेरचे परीक्षक घेतात की क्लासवालेच? प्रत्यक्ष गोदामात किती दिवस काम करायला मिळणार? '100 टक्के नोकरीची हमी' असं लिहिलेलं दिसलं, की मी तरी जास्तच चौकशी करायला सांगते.

आणि या सर्टिफिकेटवर कुणी लगेच मॅनेजर होत नाही. दिवसभर उभं राहायचं, रात्रपाळीही असू शकते. कोर्स निवडण्याआधी मुलाला किंवा मुलीला एकदा चालू गोदाम दाखवून आणा, तिथल्या पिकरशी बोलू द्या. फी त्यानंतर भरा.