कावळ्यांपासून मक्याची राखण

कणीस दुधावर आले की पुरुषोत्तमनगरच्या (ता. शहादा) शिवारातही मक्याची राखण करावी लागते. पाश्चात्त्य देशांत शिकारी आडोशाला दडतात व सोंगाचे कावळे मांडून खऱ्यांना बंदुकीच्या टप्प्यात आणतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात कावळा उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होता. १ एप्रिल २०२३ पासून ती अनुसूचीच रद्द झाली. तेव्हा बंदुकीचा विचार सोडावा. सोंग मात्र उपयोगी पडते, पण उलट्या रीतीने. बसलेल्या कावळ्याचे सोंग सोबत्यांना बोलावते. काळ्या कापडाचा, पंख पसरून उलटा टांगलेला कावळा मेल्याचा भास देतो. थवा कलकलाट करून ती जागा टाळू लागतो. पक्षी मोठा चाणाक्ष! एकाच जागी राहिलेले सोंग तो लवकरच ओळखतो. म्हणून ते वरचेवर हलवावे, आणि तेही पहाटेच्या अंधारात, कावळे जागे होण्यापूर्वी.