रुग्णालय व्यवस्थापकाने कोणत्या संघटनेचे सदस्य व्हावे?

डॉक्टरला व्यवसाय करायचा तर वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी करावीच लागते. रुग्णालय व्यवस्थापकावर कोणत्याही व्यावसायिक संघटनेचे सदस्य होण्याची सक्ती नाही. तरीही बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून काही जण पहिल्याच पगारातून शुल्क भरतात आणि हाती उरते ते फक्त ओळखपत्र. मग निवड कशी करावी?

संघटना हवी कशाला?

जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालकांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. जुन्या इमारतीत, रुग्ण दाखल असताना वायरिंग कसे बदलायचे, हे पुस्तकात सापडत नाही. ते काम केलेल्या दुसऱ्या व्यवस्थापकाला विचारावे लागते. अशी माणसे भेटवून देणे हा संघटनेचा खरा उपयोग.

सदस्य कोण? व्यक्ती की रुग्णालय?

‘अकॅडमी ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ व्यवस्थापकांना वैयक्तिक सदस्यत्व देते. ‘असोसिएशन ऑफ हेल्थकेअर प्रोव्हायडर्स – इंडिया’ ही मुख्यतः रुग्णालयांची संघटना आहे. संस्थेच्या नावावरील सदस्यत्वाचा लाभ नोकरी बदलली की मागेच राहतो. ‘एनएबीएच’ ही तर संघटनाच नव्हे. ते क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचे मानांकन मंडळ आहे आणि तिथले मानांकन रुग्णालयाला मिळते, माणसाला नाही.

रोजचे काम कोणते?

अमेरिकेत या संघटना कामानुसार विभागल्या गेल्या आहेत. रुग्णालयांच्या प्रमुख अधिकाऱ्यांसाठी १९३३ मध्ये स्थापन झालेले ‘अमेरिकन कॉलेज ऑफ हेल्थकेअर एक्झिक्युटिव्ह्ज’ (एसीएचई), डॉक्टरांचे समूह दवाखाने चालवणाऱ्यांसाठी ‘एमजीएमए’, हिशेब व वित्त सांभाळणाऱ्यांसाठी ‘एचएफएमए’, तर माहिती तंत्रज्ञानासाठी ‘हिम्स’. भारतात इतकी विभागणी नसली तरी निकष तोच लावावा. गुणवत्ता विभागात काम करणाऱ्याला मानांकनप्राप्त रुग्णालयांचा ‘काहो’ हा समूह जवळचा वाटेल. बिलिंग आणि टीपीएचे दावे पाहणाऱ्याने त्या विषयावर कार्यशाळा कोण घेते, ते आधी शोधावे.

सदस्यत्व म्हणजे पात्रता का?

नाही. शुल्क भरून मिळते ते सदस्यत्व. परीक्षा देऊन मिळते ती पात्रता. ‘एसीएचई’ची ‘फेलो’ ही उपाधी पदव्युत्तर शिक्षण, अनुभव आणि परीक्षा या कसोट्यांनंतर मिळते. ती टिकवण्यासाठी दर ३ वर्षांनी पुन्हा प्रमाणन घ्यावे लागते. केवळ पैसे भरून नावापुढे अक्षरे जोडू देणाऱ्या संस्थेबाबत सावध राहावे. नोकरी देणाऱ्याला हा फरक कळतो.

शुल्क भरण्यापूर्वी काय तपासावे?

• संस्था नोंदणीकृत आहे का? पदाधिकारी निवडणुकीने बदलतात का?

• आपल्या शहरात किंवा जवळ शाखा आहे का? सर्व कार्यक्रम महानगरातच होत असतील तर शुल्कात प्रवास आणि मुक्कामाचा खर्चही धरावा.

• गेल्या वर्षभरात किती कार्यशाळा झाल्या? वक्ते रुग्णालय चालवणारे होते की यंत्रसामग्री विकणारे?

• शुल्क रुग्णालय भरणार की स्वतःच्या खिशातून जाणार?

आजीवन सदस्यत्वाची घाई करू नये. आधी बिगरसदस्य म्हणून एका परिषदेला जाऊन यावे. परतल्यावर अडचणीच्या वेळी फोन करता येईल असे दोन-तीन क्रमांक मोबाइलमध्ये जमा झाले असतील, तर ती संघटना आपली.