मफलर कडेने का वळतो?

एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा मफलर विणला, की दोन्ही उभ्या कडा मागे वळतात आणि वरची-खालची कड पुढे. विणणारीचा हात घट्ट आहे म्हणून असं होतं, हा समज चुकीचा. सुलट बाजूने पाहिलं, तर या विणीतला प्रत्येक टाका म्हणजे आधीच्या टाक्यातून मागून पुढे ओढलेला धाग्याचा फास. वाकवलेला धागा सरळ व्हायला बघतो. सगळे फास एकाच बाजूला ओढलेले असले, की दोन पृष्ठांवरचा ताण सारखा राहत नाही आणि कापड वळतं. स्वेटरच्या बॉर्डरला एक टाका सुलट, एक टाका उलट घालतात ते यासाठीच: उलटसुलट ताण एकमेकांना खोडतात, शिवाय पट्टी आडवी ताणली जाऊन पुन्हा आवळते. दर ओळीनंतर विणकाम फिरवून सगळ्या ओळी सुलट विणल्या, तरी फास आलटूनपालटून दोन्ही बाजूंना येतात आणि कापड सपाट राहतं.

विणून झाल्यावर ओलं करून, टाचण्या लावून वाळवण्याची, म्हणजे कापडाला आकार देण्याची युक्ती लोकरीला चांगली लागू पडते. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांतलंच प्रथिन. पाण्याने त्यातले हायड्रोजन बंध सुटतात, वाळताना नव्या आकारात जुळतात. अर्थात, वळणारी कड यानेही पुरती सुधारत नाही.

बाजारातली बरीचशी ‘लोकर’ मात्र ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच. तिला पाण्याचं सोयरसुतक नाही; आकार घेते ती उष्णतेने, आणि उष्णता जास्त झाली तर कायमची लुळी पडते. तेव्हा लेबल वाचल्याशिवाय इस्त्री फिरवू नका.