मटण खाणाऱ्या घरातला हिरवा ठिपका

बदलापूरच्या एखाद्या सोसायटीत वाढदिवस झाला की निघताना मुलांच्या हाती खाऊची पिशवी येते. तीत रबरासारख्या जेलीच्या गोळ्या असतात. मुस्लिम घरातले पोर पाकीट उलटेसुलटे करून हिरवा ठिपका शोधते आणि शेजारचा मित्र चक्रावतो. ‘तुमच्याकडे तर रविवारी मटण शिजतं, मग शाकाहारी खूण कशाला?’

प्रश्न रास्त आहे. मटण चालते, पण ते जबिहा हवे. म्हणजे अल्लाहचे नाव घेऊन, धारदार सुरीने गळा कापून, रक्त वाहून गेलेले. ओळखीच्या खाटकाकडे ती खात्री असते. गोळीतल्या जिलेटिनची खात्री कोण देणार? ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते, त्यात डुक्करही आले. बिस्किटातला इमल्सिफायर ४७१ वनस्पती तेलाचा असू शकतो, चरबीचाही. नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. मात्र दूध, मध असे अपवाद सोडले तर प्राणिज घटक असलेल्या पदार्थावर हिरवी खूण लावता येत नाही, असा आपल्याकडे लेबलचा नियम आहे. शाकाहारी मंडळींसाठी आलेला ठिपका असा मटण खाणाऱ्या घराच्या कामी येतो. दारूबद्दल मात्र तो गप्प असतो. रम घातलेल्या चॉकलेटवरही तो असू शकतो. तिथे बारीक अक्षरे वाचावीच लागतात, चाळिशीनंतर चष्मा लावून.

सगळ्या मुसलमानांचे ताट एकसारखे असते असेही नाही. कल्याण-भिवंडीकडचे कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे. त्यांच्याकडे कोळंबीचे कालवण हौसेने होते. उत्तर प्रदेशातून अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला आलेला हनफी माणूस चिंबोरीला हात लावत नाही, आणि कोळंबीवर तर हनफी उलेमांतच मतभेद आहेत. मासळीला जबिहा लागत नाही, हे दोघांनाही मान्य. दोन्ही घरांचा इफ्तार एकत्र असला की पापलेट आणलेले बरे.

पाकिटाचे एक वेळ सोपे आहे. कुणी प्रेमाने पुढे केलेले ताट अवघड. रमजानात सूर्य मावळताना अनेकांचा रोजा बदलापूर किंवा कर्जत लोकलमध्येच सुटतो. खजूर आणि पाण्याची बाटली पिशवीत असते. शेजारचा प्रवासी आपला वडापाव पुढे करतो. बहुतेक जण तो घेतात. एखाद्याच्या मनात मात्र येते, त्याच कढईत कोंबडी तळली असेल का? चेंगराचेंगरीत हे विचारायचे कसे?

लग्नात तर याहून पंचाईत. उल्हासनगरचा सिंधी मित्र हौसेने मटण करतो आणि पाहुणा सिंधी कढी-भातावर जेवण उरकतो. मित्राला वाटते, काहीतरी बिनसले. पाहुण्याला वाटते, मटण कुठून आणले हे विचारले तर त्याचा अपमान होईल. दोघेही गप्प, आणि घरी गेल्यावर दोघांनाही रुखरुख. आमंत्रण आले तेव्हाच फोनवर एक वाक्य बोलले असते तर यजमानाने खाटीक बदलला असता. जुन्या मित्राकडे एवढे बोलायला संकोच कशाला?

गणपतीतले ताट याहून नाजूक. अल्लाहखेरीज इतर कुणाला अर्पण केलेले खाऊ नये, असे मानणारी घरे नैवेद्याचे खात नाहीत. काही घरे ताट हसून घेतात आणि गुपचूप दुसऱ्याला देतात. देणाऱ्याला हे आज ना उद्या कळतेच, आणि तेव्हा ते जास्त लागते. त्यापेक्षा दारातच सांगितलेले बरे. ज्या घरांनी सांगितले, त्यांच्या शेजारणी आता मोदकांचा घाणा उतरला की नैवेद्याआधीच चार मोदक वेगळ्या डब्यात काढून ठेवतात. ईदला तोच डबा शिरखुर्मा भरून परत जातो, आणि शेजारीण उपवासाच्या दिवशी असली तर दुसऱ्या दिवसासाठी फ्रिजमध्ये ठेवते.